पुसलेला अंगठा

अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ या मासिकाच्या फेब्रुवारी 1960च्या अंकात डोरोथिया लँग यांचा एक छोटा लेख आला. लँग तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि तब्येतीच्या तक्रारी मागे लागलेल्या होत्या. चाळीस वर्षांच्या कामात हजारो निगेटिव्ह त्यांच्या हातांखालून गेल्या होत्या. लोक मात्र विचारायचे ते 1936 साली काढलेल्या एकाच फोटोबद्दल. त्या दिवशी काय घडलं, ते त्यांनी या लेखात पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. फोटोग्राफरनं आपल्याच जुन्या फोटोकडे वळून पाहण्याचं इतकं गाजलेलं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. गंमत अशी, की त्या आठवणीतल्या कितीतरी गोष्टींना पुढे फोटोतल्याच माणसांनी हरकत घेतली.

तो फोटो ‘मायग्रंट मदर’ या नावानं ओळखला जातो. पोटासाठी मुलांबाळांसह रानोमाळ हिंडणारी आई. नावानं नाही, तरी डोळ्यांना तो ओळखीचा असतो. विटलेल्या तंबूच्या कापडाखाली बसलेली बाई, उजव्या हाताची बोटं गालाशी टेकलेली, स्वेटरची बाही फाटून दोरे लोंबतायत. कपाळावर आठ्या. दोन्ही खांद्यांवर दोन मुलांनी माना टाकल्यात, पण दोघांचीही तोंडं पाठमोरी. मांडीवर झोपलेलं तान्हं बाळ, त्याच्या गालावर मळ. बाई कॅमेऱ्याकडे पाहत नाही, तिची नजर कुठेतरी लांब लागलेली आहे. चौकटीत एवढंच आहे. जागा कुठली, ऋतू कोणता, आजूबाजूला किती माणसं होती, यातलं काहीच फोटोत नाही. म्हणून तो कुठल्याही देशातल्या कुठल्याही दुष्काळाला चालतो.

लँग यांना हे असं माणसाचं तोंड टिपण्याची सवय कुठून लागली, ते आधी पाहायला हवं. 1895मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन गावी त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा लंगडा झाला. पुढे त्यांनीच सांगितलंय, की त्या लंगड्या पायानं आपल्याला घडवलं, शिकवलं, मदत केली आणि अपमानही सोसायला लावला. अनोळखी वस्तीत शिरताना हा पाय त्यांच्या कामी यायचा. धडधाकट, ऐटीत चालणाऱ्या सरकारी बाईपेक्षा पाय ओढत येणाऱ्या बाईशी गरीब माणूस लवकर बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. न्यूयॉर्कमध्ये फोटोग्राफी शिकून 1918मध्ये त्या मैत्रिणीबरोबर जगप्रवासाला निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत पैसे चोरीला गेले आणि जगप्रवास तिथेच संपला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच शहरात स्टुडिओ उघडला. गिऱ्हाईक होतं शहरातली श्रीमंत घराणी. कुणाच्या चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा, हात कुठे ठेवायला सांगायचं, चौकटीत किती माणसं घ्यायची आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे त्या स्टुडिओत शिकल्या. तो फोटो जिथे काढला त्या कॅलिफोर्नियातल्या निपोमोच्या चिखलात त्यांना हेच उपयोगी पडलं.

मग 1929 साली शेअर बाजार कोसळला. स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्यावर बेकारांच्या रांगा दिसू लागल्या आणि लँग कॅमेरा घेऊन खाली उतरल्या. त्याच सुमारास ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस या भागांत पाऊस दडी मारून बसला आणि धुळीच्या वादळांनी शेतं उडवून नेली. लाखो माणसं कॅलिफोर्नियाकडे निघाली, कारण तिथे फळं, भाजी, कापूस तोडायला हात लागत होते. पीक तयार झालं की गाडीत चूल, भांडी, पोरं टाकायची आणि त्या शेताशी जाऊन पाल ठोकायची. तोडणी संपली, की पुढचं शेत. ऊसतोडीचे तांडे पाहिलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं फारसं समजावून सांगायला नको.

रुझवेल्ट सरकारनं या माणसांसाठी एक खातं काढलं होतं, रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. पुढे त्याचं नाव फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. या खात्याच्या फोटो विभागाचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. सरकारी पैसा कुणावर आणि का खर्च होतोय, हे शहरातल्या करदात्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. वॉकर एव्हान्स, आर्थर रोथस्टीन, बेन शान यांच्यासारखे फोटोग्राफर त्यानं देशभर पाठवले. लँग त्यांतल्याच एक. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या कामाच्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत.

आता लँग यांच्या आठवणीतला तो दिवस. 1936च्या मार्चचा सुरुवातीचा काळ, हिवाळा संपत आलेला. महिनाभर एकटीनं फिरून फोटो काढून झाले होते. फिल्मचे डबे भरलेले, बाहेर पाऊस आणि डोक्यात फक्त घर. हमरस्त्यावर एक ओबडधोबड पाटी दिसली, ‘वाटाणा तोडणाऱ्यांचा तळ’. त्या थांबल्या नाहीत. पुढचे वीस मैल त्या स्वतःशीच वाद घालत गाडी चालवत राहिल्या. असले फोटो आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणखी एकानं काय होणार, पावसात कॅमेरा बाहेर काढला तर खराब होईल. वीस मैलांनंतर त्यांनी रिकाम्या रस्त्यावर गाडी वळवली. आपण हे विचार करून केलं नाही, आतूनच झालं, असं त्या लिहितात.

तळावर पोचल्यावर ती बाई दिसली आणि लोहचुंबकानं ओढल्यासारख्या त्या तिच्याकडे गेल्या. आपण कोण आहोत, कॅमेरा कशासाठी, हे तिला काय सांगितलं ते लँग यांना आठवत नव्हतं. बाईनं काही विचारलं नाही एवढं आठवत होतं. एकाच बाजूनं जवळ जवळ जात आपण पाच फोटो घेतले, असं त्या सांगतात. बाईचं नाव विचारलं नाही, तिची हकिकतही विचारली नाही. तिनंच वय सांगितलं, बत्तीस. आजूबाजूच्या शेतातली थंडीनं गोठलेली भाजी आणि पोरांनी मारून आणलेली पाखरं यांच्यावर ते कुटुंब दिवस काढत होतं, गाडीची टायरं नुकतीच विकून खायला आणलं होतं. हे सगळं दहा मिनिटांत उरकलं. लँग यांना पुढे सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते असं, की या फोटोंनी आपली मदत होईल हे त्या बाईला जणू कळलं होतं, आणि म्हणून तिनं मला मदत केली. एक प्रकारची बरोबरी होती त्यात.

बरोबरी हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाद पुढे त्यावरच झाला.

कॅमेरा होता ग्राफ्लेक्स. एखाद्या पेटीएवढा, जड. वरच्या चामड्याच्या नळकांड्यात डोळे घालून खाली काचेवर उमटलेलं चित्र पाहायचं. चार बाय पाच इंचांची फिल्म, एकेका तुकड्यावर एकच फोटो. त्यामुळे आजच्यासारखं धडाधड बटण दाबणं शक्यच नव्हतं, दर वेळी विचार करूनच फोटो घ्यावा लागायचा. त्या दिवशीचे फोटो एकाशेजारी एक ठेवून पाहिले, की स्टुडिओवाली बाई काम करताना दिसते. एका फोटोत पूर्ण पाल दिसतं, त्यात खुर्चीवर एक थोडी मोठी मुलगी बसलीये. पुढच्या फोटोंत ती मुलगी नाही, सामानसुमान नाही, मुलं जागा बदलतात. शेवटी उरते आई, दोन पाठमोरी मुलं आणि बाळ. मुलांची तोंडं कॅमेऱ्याकडे असती, तर एखाद्यानं हसून किंवा डोळे मिचकावून सगळं बिघडवलं असतं. त्यामुळे त्यांना लँग यांनीच वळायला सांगितलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि लँग यांच्या आठवणीत पाच असलेले फोटो अभ्यासकांच्या मोजणीत किमान सहा भरतात. आकड्याची ही चूक क्षुल्लक आहे. पण चोवीस वर्षांनी आठवण सांगताना माणूस फोटोसारखीच आठवणीचीही चौकट आखतो, त्याचा हा पहिला धागा.

लँग घरी पोचल्या आणि त्यांनी काही प्रिंट घेऊन ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वर्तमानपत्राचं ऑफिस गाठलं. 10 मार्चच्या अंकात बातमी आली, अडीच हजार माणसं उपाशी आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तो प्रसिद्ध फोटो छापून आला. सरकारी यंत्रणा हलली आणि वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ हजार किलो धान्य-सामान निपोमोला रवाना झालं. फोटोनं एवढ्या झटपट पोटात अन्न घातल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत, आणि लँग यांच्यावर कितीही टीका झाली तरी हे श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. मात्र ते सामान तळावर पोचलं तेव्हा फोटोतली बाई तिथे नव्हती. गाडी दुरुस्त होताच तिचं कुटुंब वॉटसनव्हिलच्या दिशेनं निघून गेलं होतं.

मग अंगठ्याची गोष्ट. मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, अगदी कॅमेऱ्यापुढे, तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसतो. जरा धूसर, पण डोळ्यांत खुपणारा. बाकीची रचना इतकी घट्ट बसलेली, की तो अंगठा लँग यांना आगंतुक वाटत असावा. 1939मध्ये त्यांनी मदतनिसाकडून निगेटिव्हवर तो पुसून घेतला. नीट पाहिलं तर नंतरच्या प्रिंटवरही त्या जागी एक पुसट सावली राहिलेली दिसते.

रॉय स्ट्रायकर यावर भडकला. आजच्या फोटोग्राफरला हा राग अजब वाटेल, कारण आता मोबाइलवर बोटाच्या एका फटक्यात नको असलेला माणूस गायब होतो. पण स्ट्रायकरचं तोंड आधीच पोळलेलं होतं. 1936च्या मे महिन्यात त्याच्याच फोटोग्राफरनं, आर्थर रोथस्टीननं, साऊथ डाकोटात एका बैलाची वाळकी कवटी उचलून काही फूट बाजूला, भेगाळलेल्या जमिनीवर ठेवून फोटो काढला होता. निवडणुकीचं वर्ष होतं. सरकारविरोधी वर्तमानपत्रांनी ते प्रकरण उचलून धरलं आणि सरकार दुष्काळसुद्धा मांडून दाखवतं म्हणून राळ उठवली. तेव्हापासून स्ट्रायकरच्या लेखी फोटोतली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी राहणं हा विभागाच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. लँग यांना ही भीती पटत नव्हती असं नाही, पण त्यांच्यासाठी तो अंगठा म्हणजे पोर्ट्रेटमधला डाग होता. दस्तऐवज आणि पोर्ट्रेट यांच्यातलं हे भांडण आजही वर्तमानपत्रांच्या फोटो विभागात चालूच असतं.

माझ्या मते अंगठा पुसला जाणं ही त्या फोटोच्या इतिहासातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे बाईचं नाव न विचारणं. लँग एरवी या बाबतीत काटेकोर होत्या. माणसांची वाक्यं त्या घोकत गाडीपर्यंत जात आणि वहीत जशीच्या तशी उतरवून काढत. फोटोइतकेच त्यांचे शब्दही मोलाचे मानले जातात ते याचमुळे. निपोमोत मात्र वही उघडलीच गेली नाही, घाई होती, पाऊस होता. म्हणून सरकारी फायलीत मजकूर गेला तो असा: कॅलिफोर्नियातले निराधार वाटाणा तोडणारे, सात मुलांची बत्तीस वर्षांची आई. त्यापुढे महिनाही फेब्रुवारी पडला. दुसऱ्या एका फोटोच्या ओळीत टायरं विकल्याचा उल्लेख आहे.

त्या बाईचं नाव जगाला कळायला 1978 उजाडलं. मोडेस्टो शहरातल्या ‘मोडेस्टो बी’ या वर्तमानपत्राकडे एक पत्र आलं, तो फोटो माझा आहे म्हणून. बातमीदार शोधत गेला, तेव्हा फिरत्या घरांच्या वस्तीत पंच्याहत्तरीच्या घरातल्या फ्लॉरेन्स थॉम्पसन राहत होत्या आणि त्या चिडलेल्या होत्या. तिनं माझा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, त्यातून मला एक पैसा मिळाला नाही, तिनं माझं नाव विचारलं नाही, फोटो विकणार नाही म्हणाली होती, एक प्रत पाठवते म्हणाली होती आणि ती कधीच आली नाही, अशी त्यांची तक्रार होती. ही बातमी देशभर गेली. लँग 1965मध्येच कर्करोगानं वारल्या होत्या, त्यामुळे त्यांचं उत्तर येण्याचा प्रश्न नव्हता.

पैशाच्या बाबतीत एक खुलासा इथेच करायला हवा. फोटो सरकारी नोकरीत असताना काढलेला होता, त्यामुळे त्याची मालकी अमेरिकी जनतेची. लँग यांना पगार मिळाला, छापला म्हणून रॉयल्टी मिळाली नाही. कुणीही लायब्ररीला थोडे पैसे देऊन प्रिंट मागवावी आणि छापावी, असा नियम. थॉम्पसन यांनी 1958मध्येच ‘यू.एस. कॅमेरा’ मासिकाला पत्र लिहून फोटो छापण्याला आक्षेप घेतला होता. म्हणजे लँग यांचा बरोबरीची आठवण सांगणारा लेख छापून आला, त्याच्या दोन वर्षं आधीच फोटोतली बाई हरकत घेत होती. पण कायद्यापुढे तिचं काही चालण्यासारखं नव्हतं.

थॉम्पसन आणि त्यांच्या मुलांनी सांगितलेली हकिकत ऐकली, की त्या फोटोखालची जवळजवळ प्रत्येक ओळ हलते. पहिली गोष्ट, ते निपोमोला वाटाणा तोडायला आलेच नव्हते. त्यांची जुनी हडसन गाडी पुढच्या कामाला निघाली असताना टायमिंग चेन तुटली आणि ते जेमतेम त्या तळापर्यंत पोचले. फ्लॉरेन्स यांचे साथीदार आणि दोन मोठे मुलगे गाडीचा मोडलेला भाग घेऊन गावात गेले होते. मागे राहिलेली आई पाल लावून त्यांची वाट पाहत बसली होती. लँग यांनी टिपलेली ती लांब लागलेली नजर उपासमारीची होती, की गाडी कधी सुरू होईल या विचाराची, हे आता कोण सांगणार? दुसरी गोष्ट टायरांची. मोठ्या मुलाचं म्हणणं सरळ होतं: विकायला टायरं होती कुठे, होती ती गाडीलाच होती आणि त्याच टायरांवर आम्ही पुढे गेलो. लँग खोटं बोलल्या असं तो म्हणत नाही. त्यांच्या मनात एका कुटुंबाची गोष्ट दुसऱ्यात मिसळली असावी, असं तो म्हणतो. महिनाभरात शेकडो पालं पाहिलेल्या माणसाबद्दल इतकं समजूतदार बोलणं मला विशेष वाटतं, तेही ज्याच्या आईची गोष्ट मिसळली गेली त्याच्या तोंडून.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि लँग यांच्या आयुष्यात ती कुणालाच ठाऊक नव्हती. फ्लॉरेन्स 1903मध्ये आजच्या ओक्लाहोमात जन्मल्या आणि त्या चेरोकी होत्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. धुळीच्या वादळांनी घर सोडायला लावलेली गोऱ्या शेतकऱ्याची बायको म्हणून चाळीस वर्षं ज्यांचा फोटो छापला गेला, त्या फ्लॉरेन्स वादळांच्या कितीतरी आधी, 1920च्या दशकातच कॅलिफोर्नियात आल्या होत्या. पहिला नवरा 1931मध्ये क्षयानं गेला. तेव्हापासून मिळेल ते काम केलं. शेतात राबल्या, दारूच्या गुत्त्यात वाढपं केलं, स्वयंपाकी झाल्या, इस्पितळात काम केलं. कापूस वेचायला दिवस उजाडण्याआधी घर सोडायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. दिवसाला साडेचारशे-पाचशे पौंड कापूस वेचत होते, तेव्हा माझं स्वतःचं वजन शंभर पौंडही नव्हतं, असं त्यांनी सांगितलंय. जॉन स्टाइनबेकनं ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये बेकर्सफील्डच्या पुलाखाली राहणारी माणसं दाखवली आहेत. आपणही एके काळी त्याच पुलाखाली राहिलो, हेही त्यांनीच सांगितलं.

ही माहिती त्यांनी दिली ती बिल गँझेल या फोटोग्राफरला. सरकारी योजनेतल्या जुन्या फोटोंमधली माणसं शोधून त्यांचे नवे फोटो काढायचं काम गँझेल करत होता. 1979मध्ये त्यानं थॉम्पसन आणि त्यांच्या तीन मुलींचा फोटो काढला. त्यात जुन्या फोटोतली तान्ही मुलगी आता बाई झालेली दिसते. या वेळी चौघींची नावं नोंदली गेली, हकिकत टिपून घेतली गेली, आणि सगळ्या कॅमेऱ्याकडे पाहतायत. कलाकृती म्हणून तो फोटो लँग यांच्या पासंगालाही पुरत नाही. बरोबरी मात्र त्यातच जास्त आहे असं वाटतं. चांगला फोटो आणि न्याय्य फोटो एकाच वेळी मिळेलच असं नाही, ही फोटोग्राफीतली जुनी अडचण आहे. आपल्याकडे डिसेंबर 1984मध्ये भोपाळला पुरल्या जाणाऱ्या एका बाळाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपला. बार्थोलोम्यूच्या फोटोला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा वर्षातला सर्वोत्तम फोटोचा मान मिळाला, युनियन कार्बाइडविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात ते बाळ पुढे होतं, पण ते कुणाचं होतं हे कळलं नाही.

थॉम्पसन यांच्या बाबतीत नाव मिळाल्यानं काय फरक पडला, हे 1983च्या उन्हाळ्यात दिसलं. त्यांना पक्षाघात झाला, कर्करोगही होता, आणि इस्पितळाचा खर्च पेलवेना. मुलांनी वर्तमानपत्रातून मदत मागितली. फोटोतली आई आजारी आहे म्हटल्यावर देशभरातून पत्रांचा पाऊस पडला, पाकिटांत कुणी एक डॉलर घातलेला, कुणी वीस. मिळून सुमारे पस्तीस हजार डॉलर जमले. पत्रं लिहिणाऱ्यांतल्या अनेकांनी लिहिलं होतं, की या फोटोनं आम्हाला मंदीच्या दिवसांत धीर दिला. मोठ्या मुलानं नंतर कबूल केलं, की आमच्या घरात तो फोटो शापासारखा होता, आपली गरिबी टांगून ठेवल्यासारखा. ती पत्रं आल्यावर पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला. सप्टेंबर महिन्यात ऐंशी वर्षांच्या थॉम्पसन वारल्या. त्यांच्या थडग्यावरही ‘मायग्रंट मदर’ हेच शब्द कोरलेले आहेत. ज्या फोटोवर त्या आयुष्यभर चिडल्या, त्याचंच नाव शेवटी त्यांच्या नावाशेजारी बसलं, आणि ते बसवलं घरच्यांनीच.

फोटोचा भाव मात्र तेव्हापासून चढतच गेला. 1998मध्ये लँग यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेली एक जुनी प्रिंट सदबीजच्या लिलावात 2,44,500 डॉलरना गेटी म्युझियमनं घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्यानं तो फोटो 32 सेंटच्या तिकिटावर छापला. हयात माणसाचं चित्र तिकिटावर घ्यायचं नाही हा टपाल खात्याचा रिवाज होता, तरी त्या तिकिटावरच्या मुलांपैकी दोघी तेव्हा जिवंत होत्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आज तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.

आईच्या मांडीवर झोपलेली जी मुलगी होती, तिला मोठेपणी पत्रकार विचारायचे, हा फोटो पाहून काय वाटतं? वाईट वाटतं, असं ती सांगायची. आपल्याला आई अशी आठवायला आवडत नाही. तिला मौजमजा आवडायची, गाणं आवडायचं आणि नाच तर फार आवडायचा.